कावळा नव्हता तो

शिवगंगा रागीट आहे, हे हदगावजवळच्या त्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. कापसाच्या मापात मारणाऱ्या व्यापाऱ्यापासून अर्ध्या वाटेत माणसं उतरवणाऱ्या काळीपिवळीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तिचं तोंड ऐकलं आहे. पण मोठी जाऊ साखराबाई समोर आली की तिचा आवाज खाली यायचा. नायगावकडून ती नवी नवरी होऊन आली, तेव्हा साखराबाईनंच तिला भाकरी थापायला शिकवलं होतं, पहिल्या बाळंतपणात न्हाऊ-माखू घातलं होतं. पुढे दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, अंगण मात्र एकच राहिलं.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी शिवगंगा थोरल्या घरी पुरणाची डाळ निवडायला गेली. साखराबाई घरात नव्हती. शेवटी परसातल्या लाकडांच्या खोलीत सापडली. पोत्यावर बसलेली, शेजारी वेगळा तांब्या, वेगळी ताटली.

"बाई, हितं काय करून राहिल्या?"

"शिवू नको गं. कावळा शिवलाय."

शिवगंगाला हसूच फुटलं. "ह्या वयात? पाळी जाऊन किती वर्सं झाली तुमची! जवानी परतली का काय?"

साखराबाईही लाजून हसली. "काय सांगू आता. संक्रांतीलाबी बसले होते. मंग आखाडात. घराबाहेर कुणाला बोलायची लाज वाटली."

शिवगंगाचं हसू तिथंच विरलं. नायगावच्या तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. दर वेळी घरच्यांनी तिला बाहेर बसवलं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊ घालून आत घेतलं, आणि काम झालं असं मानलं. नांदेडला नेलं तेव्हा कॅन्सर पिशवी सोडून पसरला होता. पाळी गेलेल्या बाईला पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी ती पाळी समजायची नाही, असं तिथला डॉक्टर मावसभावावर ओरडला होता. ते ओरडणं शिवगंगाच्या कानात राहिलं होतं. मावशी राहिली नाही.

ती तडक ओसरीवर गेली. थोरले भावजी अण्णाराव मखराला झिरमिळ्या चिकटवत होते. एरवी त्यांच्यासमोर ती पदर सावरून, भिंतीकडं बघत बोलायची.

"भावजी, बाईला नांदेडला न्यायचंय. आत्ता."

"का? बाहेर बसलीय ती."

"पाळी गेलेली बाई बाहेर कशी बसंल? रोगाचं रक्त असंल ते!"

अण्णारावांनी इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल. पुरुषापुढं काढायच्या गोष्टी हायत का ह्या? महालक्ष्म्या उठू दे, मंग बघू."

"बैल लंगडला तवा त्याच पावली डॉक्टर आणला तुम्ही. त्याला म्हणलात का, सण होऊ दे म्हणून?"

"तू शिवलीस का तिला? मंग सैपाकाला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो."

"न्हाईच लावत. लाटा तुम्हीच पोळ्या!"

ती परसात परतली आणि जावेचा दंड धरला. साखराबाई घाबरली, पण रोगाला नाही. "आगं, इटाळ होईल तुला. सणाचं घर हाय. तेवढा सण तरी होऊ दे."

"बाई, आज मी तुमचं ऐकत न्हाई."

काळीपिवळीत साखराबाई अंग चोरून, कुणाला धक्का लागू न देता बसली. नांदेडच्या दवाखान्यात तर ती दाराजवळ सरळ फरशीवरच टेकली. भोवती बाकं रिकामी. शिवगंगाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला. "उठा! बाकावर बसा. हितं देव न्हाईत, डॉक्टर हायत."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "असा त्रास किती वेळा झाला?"

"तीनदा बसले," साखराबाई म्हणाली.

"बसले? कुठे बसलात?"

"बाहेर." एवढं बोलून तिनं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता हात थांबवला. "अशा प्रत्येकीला कॅन्सरच असतो असं नाही," त्या म्हणाल्या. "पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. दुसऱ्यांदा व्हायची वाट बघायची नसते." सोनोग्राफी झाली, पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आला: कॅन्सरच. अजून पिशवीच्या आतच होता. ऑपरेशन करता आलं.

"बरं झालं, वेळेवर आणलंत," नर्स म्हणाली. शिवगंगाला तेही सहन झालं नाही. वेळ संक्रांतीलाच होती. तेव्हा बाईच्या हातात वेगळी ताटली दिली होती.

साखराबाई घरी आली त्या दिवशी अण्णारावांनी शिवगंगाला बाजूला घेतलं. "पिशवी काढली येवढंच सांग लोकाला. त्या रोगाचं नाव घेऊ नको. पुनमची सोयरीक जुळून राहिली. पोरीच्या आड येईल."

"पोरीच्या आड येईल म्हणून पोरीच्या मायचा रोग झाकायचा?"

"तुला हात जोडतो."

ती तशीच आत बाईजवळ गेली. दुपारी गल्लीतल्या बाया बघायला आल्या, पलंगाभोवती दाटीनं बसल्या. "का काढली गं पिशवी? काय झालतं?" समोरच्या घरातल्या सुकन्याच्या सासूनं विचारलं. बाहेर ओसरीवर अण्णाराव मोठ्यानं खाकरले.

"कॅन्सर," शिवगंगा त्या खाकरण्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली. "पाळी गेल्यावर परत रक्त आलं, अन् आपण सगळ्यांनी कावळा कावळा करून बाईला लाकडात बसवलं. मीबी हसले. हाय का अजून कोणी? पाळी गेली अन् परत लाल दिसलं, अशी? लाजू नका. त्या लाजंपायी मावशी गेली माझी."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हणाली, "शिव शिव, काय बोलून राहिली ही." साखराबाईनं डोळे मिटून घेतले, पण शिवगंगाला अडवलं नाही.

सुकन्याची सासू तेवढी कुणाकडं बघत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

शिवगंगा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कवापासून?" तिनं दरडावून विचारलं.