टायरवाल्याच्या गल्लीपलीकडचे केंद्र

सान पेद्रो सुला शहराच्या लास पाल्मितास वस्तीत तेओदोरा मेहिया टॅब कधी उघडपणे हातात धरत नसे. तो बालेआदांच्या, म्हणजे विकायच्या भरल्या पोळ्यांच्या टोपलीत, फडक्याखाली असे. कारखान्यात शर्टांच्या कॉलर शिवून शिवून बोटे वाकली, तेव्हा तिने डेंग्यूच्या लशीच्या चाचणीतले हे काम धरले. लस घेतलेल्यांनी चाचणीने दिलेल्या फोनवर रोजचा ताप भरला की नाही ते घरोघरी जाऊन पाहायचे आणि राहिलेले टॅबवर नोंदवायचे.

वस्तीच्या मधून टायरवाल्याची गल्ली जात होती. अलीकडे एक टोळी, पलीकडे दुसरी. टोपली उघडून दाखवण्याच्या अटीवर फक्त तेओदोराला दोन्हीकडे मोकळीक होती.

रक्त द्यायला कुणी कोणत्या केंद्रावर जायचे, हे यंत्रणा ठरवी आणि यंत्रणेला केवळ अंतर कळे. गल्लीलगतच्या घरांना ती हटकून समोरच्या बाजूचे केंद्र देई. तेओदोरा ते बदलून त्यांच्याच बाजूचे करी आणि कारणाच्या जागी ‘सोयीसाठी’ एवढेच लिही. खरे कारण लिहिले तर चाचणीच वस्तीतून उठेल, अशी तिला धास्ती होती. मग चाचणीच्या राजधानीतल्या कचेरीने अशा सगळ्या ‘सोयी’ अनावश्यक ठरवल्या आणि तिला न विचारता जुनीच केंद्रे पूर्ववत केली.

त्यानंतर एका सकाळी अलीकडे राहणाऱ्या, लस घेतलेल्या यादिरचा फोन वाजला. फोन बोलावतो म्हणजे तेओदोरा मावशीने पलीकडच्यांशी बोलणी केली असणार, असे धरून तो पोरगा गल्ली ओलांडून गेला. त्याच्या आईने रडत येऊन हे सांगितले, तेव्हा तेओदोरा टोपली घेऊन तडक निघाली.

टायरच्या दुकानामागे यादिरचे हात गाडीच्या आसाला बांधलेले होते. ओठ फुटून लोंबत होता. पलीकडच्या टोळीचा म्होरक्या डावऱ्या टायर उचकटायची सळी घेऊन उभा होता.

“या मावशी! बालेआदा आणल्यात? पाहुण्याला काही चावता येईना झालंय.”

“सोड त्याला.”

“याच्या फोनात नकाशा आहे. आमच्या दारापर्यंत बाण! पोलिसांना दाखवतोय ना?”

“रक्त द्यायला आला होता रे तो.”

“मग दिलं की! अंगणभर दिलं.”

पोरे खिदळली. डावऱ्याने सळी हाणली. यादिरच्या बोटांचा चुरा झाल्याचा आवाज तेओदोराने ऐकला. त्याची किंकाळी त्यानंतर आली. सळी पुन्हा वर गेली, ती डोक्याच्या रोखाने.

“तुझ्या आईच्या उशाशीही चाचणीचा असाच फोन आहे,” ती म्हणाली.

सळी थांबली.

“उद्या सकाळी तो वाजेल आणि तिला गल्लीच्या त्या बाजूला बोलावेल. मी बोलावलं समजून ती जाईल. आणि आज तू याचं काय केलंस, ते तिकडे संध्याकाळपर्यंत कळलेलं असेल.”

डावऱ्याने उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती टायरांवर कोसळली. दाताने जीभ चिरली, तोंड खारट झाले.

“बदल ते. आत्ता.”

“आधी हात सोड त्याचे.”

त्याने सळीचे टोक तिच्या गळ्याला लावले आणि दाबत राहिला. तिने टॅब उघडला नाही. अखेर तो थुंकला.

“कापा रे दोर.”

रक्ताळलेले बोट पडद्याला ओळखू येईना. तिने ते झग्याला पुसले आणि एकट्या डावऱ्याच्या आईचे नव्हे, गल्लीलगतच्या सगळ्यांचेच केंद्र बदलले. टॅबने कारण विचारल्यावर तिने लिहिले: गल्ली ओलांडली तर यांना ठार मारतील.

“काय लिहितेस एवढं?”

“खरं.”

यादिर जगला, उजव्या हाताची दोन बोटे मात्र कापावी लागली. इस्पितळाच्या बाकावर त्याच्या आईशेजारी बसून तेओदोराने दुखापतीची नोंद उघडली. डॉक्टरांच्याही आधी पहिली नोंद तिची असे. लशीशी संबंध? तिने ‘नाही’ दाबले. चाचणीच्या कामकाजाशी संबंध?

तिचे बोट थांबलेले पाहून आईने विचारले, “काय विचारतंय गं ते?”

“हे आमच्यामुळे झालं का, असं.”

आईने टॅबकडे पाहिले.

तेओदोराने ‘होय’ दाबले आणि खाली स्वतःची सही केली.