एक कपाट आणि बारा तबकड्या

मूल तालुक्यात पोस्ट-पंक ऐकणारा माणूस एकच आहे, आणि तो विवाहित आहे.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी विलायतेतल्या कारखान्यांच्या गावांतली पोरं कामधंदा नाही म्हणून तीन सुरांत चिडून गायली, ते पोस्ट-पंक. तीच पोरं पुढे केस विंचरून नाचण्याजोगं चिडू लागली, ते न्यू वेव्ह. (हे मी सुनीताला लग्नानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर ते झालंच नसतं.) या गाण्यांच्या सात इंची बारा तबकड्या मी वीस वर्षांत जमवल्या. मधे दोन बोटं सहज जातील एवढं भोक. त्यांच्या कपाटावर सुनीताचा डोळा होता. तिला तिथे लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या होत्या.

"ही गाणी कधी जुनी होत नाहीत," मी म्हणालो.

"मंग बाहेरचा एक तरी माणूस आयकून खूश झालेला दाखवा," ती म्हणाली. "कपाट तुमचं. नाई तर सोमवारी मी बरण्या ठेवते."

माणूस मिळाला. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातले इंजिनिअर वासेकर साहेब. आमची ओळख व्हॉट्सअॅपवरची. मोबाइलवरच्या गाण्यात जीव नाही, खरी तबकडी एकदा ऐकायची आहे, असं ते नेहमी लिहायचे. रविवारी दुपारी येतो म्हणाले.

पाहुणा येणार म्हणून मी तबकड्या शाम्पूने धुतल्या. इंटरनेटवर सल्ला होता : उघड्यावर वाळवा, खालून हवा खेळू द्या. (सल्ला देणाऱ्याने मे महिन्यातला चंद्रपूर जिल्हा पाहिलेला नसावा.) गच्चीवर आईचे पापड वाळत होते. मी स्वयंपाकघरातले अकरा डबे नेऊन पालथे घातले आणि प्रत्येकावर एक तबकडी ठेवली. बारावीला डबा उरला नाही.

"काऊन रे, हे तवे कायले वाळवून राह्यला?" आईने विचारलं.

"आई, हात लावू नको. यातलं तुला कळत नाही."

"बरं बापा," म्हणून तिने बारावी तबकडी परातीत ठेवली आणि परात टाकीच्या सावलीत सरकवली. मी आंघोळीला गेलो.

परत आलो तर अकराही डब्यांवर अकरा टोप्या बसलेल्या. उचलून उलट्या केल्या तर वाडगे, तेही तळाला भोक असलेले. वीस वर्षांची कमाई होती, खरंच रडू येत होतं.

"पापड मात्र मस्त वाळले," आई म्हणाली.

तेवढ्यात साहेब आले. बारावी तबकडी बरी होती, फक्त जराशी लहरली होती. मी देवाचं नाव घेऊन ती लावली. सुई होडीसारखी वरखाली होऊ लागली. गायक मधेच खोल विहिरीत जायचा, पुन्हा वर यायचा. साहेबांनी डोळे मिटले. सुनीता दारात उभी राहून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

गाणं संपलं. साहेबांनी डोळे पुसले.

"वा भाऊ! मोबाइलवर हे दुःख आयकूच येत नाई. आवाज कसा हेलकावते पाहा! याले म्हणते ओरिजिनल."

"हेलकावा हाच तर त्यांचा प्राण," मी म्हणालो. (माझी जीभ झडली नाही.)

"आई, कालच्यापेक्षा काई फरक वाटला का?" सुनीताने विचारलं.

"नाई बाई. रोज असंच तर रडते."

सुनीता शब्दाची पक्की. तिने त्याच संध्याकाळी कपाट माझ्या नावे करून टाकलं. आता त्या चार फळ्यांच्या कपाटात माझी एक तबकडी ऐसपैस राहते. बाकीच्या अकरांत आईने मिरचीची रोपं लावली. पाणी निथळायला भोक आयतंच होतं. गल्लीतल्या बाया येऊन कुंड्यांचं कौतुक करतात आणि मला विचारतात, "भाऊ, अजून आहेत का हो असे?"

वीस वर्षांत माझ्या संग्रहाला एवढी मागणी कधीच आली नव्हती.