सशाचे केस आणि कुत्र्याचं गोणपाट

आमच्या अवसरी गावात दिवस मावळला की गाई गोठ्यात आणि कुत्री घरात. उसात बिबट्या असतो, त्याला कुत्रं फार आवडतं. म्हणून आमचा काळा कुत्रा टीव्हीसमोर गोणपाटावर पसरून सासऱ्यांबरोबर मालिका बघायचा. सासऱ्यांचा तो जीव की प्राण. त्यात मी हौसेनं लेकीसाठी मंचरच्या बाजारातून पांढरा ससा आणला. विकणारा म्हणाला, नर आहे. आम्ही माना डोलावल्या. सशातलं आम्हाला काय कळतंय?

सासऱ्यांनी कुत्र्याला समोर बसवून दम भरला, "सशाला तोंड लावलंस तर गोठ्यात बांधीन. रातीबी तिथंच ऱ्हायाचं." कुत्रा मन लावून ऐकत होता आणि ससा त्याची शेपटी कुरतडत होता.

मग घरात नुसता धुडगूस. ट्रॅक्टरवर धावून जाणारा आमचा कुत्रा सशाला भिऊन कॉटखाली शिरायचा. हसण्याच्या नादात माझ्या किती भाकरी करपल्या, विचारू नका.

एका सकाळी ससा दिसेना. गोणपाटावर पांढऱ्या केसांचा ढीग, रक्ताचे ठिपके, आणि कुत्र्याच्या नाकालाही पांढरे केस. अंगणात पिसं पसरली की कोंबडी गेली, एवढं आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं. इथं आणखी काय बघायचं? लेकीनं भोकाड पसरलं. सासऱ्यांनी दावं घेतलं, कुत्र्याला गोठ्यात बांधलं आणि चहा न घेता ओट्यावर येऊन बसले.

"आबा, जाऊ द्या, मुकं जनावर ते," मी म्हटलं.

"शब्द म्हंजी शब्द," ते गोठ्याकडं बघत म्हणाले. गोठ्याला ना दार ना जाळी. रात्री तिथं कुत्रा टिकायचा नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला सशाचं वाईट वाटत होतंच, पण कुत्र्याचं जास्त वाटत होतं.

डोळे पुसत मी गोणपाट धुण्यासाठी उचलायला गेले, तर केसांचा ढीग हलला. केस बाजूला केले, तर आत बोटाएवढी गुलाबी पिल्लं डोळे मिटून एकमेकांवर चढत होती. नर म्हणे! अंगावरचे केस उपटून तिनं बाळंतपणाची गादी केली होती. तेवढ्यात बाळंतीणबाई कपाटामागून आल्या, छाती बोडकी, आणि खुशाल कोथिंबीर खायला लागल्या. लेक नाचत सुटली. मी हसून हसून खालीच बसले.

सासऱ्यांना हाताला धरून आत आणलं. ते वाकून बघत राहिले. "त्याच्याच गोणपाटावर व्हय," ते म्हणाले, "आन् त्यो बिचारा रातभर फरशीवर." मग चप्पलही न घालता गोठ्याकडं पळाले. दावं सोडताच कुत्रा त्यांच्या अंगावर उड्या मारायला लागला, तसे ते तिथंच शेणात बसले आणि त्याची मान कवटाळून म्हणाले, "चुकलो राव. चल घरी. आता तुला कुणाचा बाप बाहेर बांधतो, बघतो मी."