शोधणाऱ्याच्या शेजारी
नसरीनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळवड्याच्या चौकात, कंपनीच्या बसमध्ये होते. आजाराची कल्पना होती, तरी उतरायचं ठिकाण कधी मागे पडलं ते कळलंच नाही...

मोबाइलमधले फोटो शोधून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. लोकांना ते खरंच उपयोगी पडतंय का, हे तपासायचं काम ताईंचं, आणि त्यांच्या हाताखाली माझं. मी कॉलेजातून नुकतीच आलेली. आलेले फोटो बरोबर किती, एवढंच मोजायला शिकलेली. ताई मात्र माणसाशेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि पडद्याइतक्याच त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या.

एकदा चाचणीसाठी चऱ्होलीहून सुनीताबाई स्वतःचा मोबाइल घेऊन आल्या, मूळच्या लातूरच्या, कारखान्यात कामाला. 'कुत्रा शोधा', 'समुद्र शोधा' असं आमचं चाललेलं. ताईंनी मध्येच विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय शोधायचंय?"

"माझी माय... हसतानाची. वारली ती औंदा."

मायचे फोटो भराभर आले. सगळे बरोबर. मी पूर्ण गुण दिले, पण सुनीताबाईंचं बोट थांबेना. ताई हळूच म्हणाल्या, "कधी हसल्या होत्या हो?"

"भाच्याच्या बारशाला."

बारशाचे फोटो शोधून काढले. गर्दीत मागे, तोंडाला पदर लावून हसणारी बाई यंत्राला ओळखूच आली नव्हती. "हीच बगा!" म्हणत सुनीताबाई रडायला लागल्या. ताईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

सॉफ्टवेअर बाजारात न्यायची साहेबांना घाई होती. "आकडे तर उत्तम आहेत, नसरीन."

"माय आकड्यांमुळे नाही सापडली, सर. मी विचारलं म्हणून सापडली. बाईंच्या घरी त्यांच्या शेजारी मी नसणार."

खूप वाद झाला, पण तारीख पुढे गेली. कुठल्याही फोटोवरून त्याच प्रसंगाचे बाकीचे फोटो उघडायची सोय झाली. त्या वादाच्या वेळी मी त्या खोलीत होते, हे माझं नशीब. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

गेल्या आठवड्यात त्यांचे पती रफिकभाई ऑफिसात आले. चिंचवडला त्यांचं गॅरेज आहे. तिथे भिंतीवर लावायला ताईंचा फोटो हवा होता. बक्षीस घेतानाचा एक छान, ठसठशीत फोटो होता; तो सुचवायचा मोह मी आवरला.

"तुम्हाला कसा हवाय, भाई?"

"बोलताना पाहिजे. घरात कधी गप्प नव्हती ना ती..."

ते एकेक फोटो बघत राहिले. मी शेजारी बसून राहिले. शेवटी एका हललेल्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं. हात उडवत, तोंड उघडं, ताई कुणाशी तरी तावातावानं भांडत होत्या.

"हीच," म्हणाले, आणि डोळे पुसत हसले. आता गॅरेजमध्ये पाने-पक्कड अडकवलेल्या भिंतीवर तोच फोटो आहे. गिऱ्हाईक विचारतं, चांगला नव्हता का दुसरा? रफिकभाई सांगतात, "होता ना. पण ती यात आहे."