यशोदावहिनींचं मागणं

पोलीस चौकीत गुन्ह्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. गुन्ह्यांचा अहवाल दर महिन्याला रत्नागिरीला जातो, किस्से कोण मागतंय? ऐंशीच्या दशकात मी संगमेश्वरकडच्या एका चौकीत हवालदार होतो, तेव्हाचे हे.

*

आमचे फौजदारसाहेब देशावरचे. माणूस सज्जन, पण कागदावर फार जीव! बायकांच्या छळाच्या रकान्यात दर महिन्याला 'निरंक' लिहायचे आणि खूश व्हायचे. "हवालदार, काय शांत मुलूख आहे हो तुमचा!"

वाडीतल्या यशोदावहिनींचा नवरा गोपाळ मुंबईला गिरणीत. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, आणि आला की बायकोला मारायचा. आख्ख्या वाडीला ठाऊक! सुजलेला गाल बघून साहेबांनी वहिनींना चौकीत बोलावलं, तर म्हणाल्या, "विहिरीच्या पायरीवरनं पडले."

साहेबांनी काय करावं? ग्रामपंचायतीला पत्र! 'पायऱ्या तातडीने दुरुस्त कराव्यात.' पंचायतीनं खरंच नवा चिरा बसवला की हो!

शिमग्याला गोपाळ आला. वहिनी परत 'पडल्या'. साहेब चिडले, "एक चिरा धड बसवता येत नाही यांना?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

*

एकदा माझंच डोकं फिरलं. गोपाळला एसटी स्टँडवर गाठलं. "परत हात उचललास तर याद राख!"

तो थंडपणे म्हणाला, "माज्या बायकोची तक्रार हाय काय तुमच्याकडं?"

नव्हती. बिडी पेटवून निघून गेला मेला. अंगावर वर्दी असून मी नुसता बघत राहिलो. फार लागलं मनाला.

*

मग नवं कलम आलं. नवऱ्यानं छळ केला तर तुरुंग! साहेबांनी वाडीत बायका जमवून ते जीव तोडून वाचून दाखवलं.

यशोदावहिनींनी विचारलं, "तेला आत घातलात तर मनिऑर्डर तुमी धाडाल काय, सायब?"

साहेबांनी कलम पुन्हा वरपासून वाचलं. मनिऑर्डरचं त्यात काही नव्हतं. परतताना जीपमध्ये एकदम म्हणाले, "पायरीचं मी फारच येड्यासारखं केलं, नाही?" त्या दिवशी त्या माणसाची मला माया आली.

*

पुढच्या शिमग्यात मी पालखीच्या बंदोबस्ताला होतो. पालखी गोपाळच्या अंगणात आली. आमच्याकडे घरातली माणसं मागणं सांगतात, गावकार ते गाऱ्हाणं देवापुढं मोठ्यानं घालतो, आणि जमलेले सगळे "व्हय महाराजा" म्हणतात. गावकार होते तात्या.

गोपाळनं नोकरीसाठी मागणं सांगितलं. आरतीचं ताट धरून वहिनी पुढं झाल्या. "तात्या, माजं पण एक घाला. हा घरी आला की मला मारतो. मारू नये."

ढोल थांबला. मला वाटलं, तात्या टाळणार. तात्यांनी डोकीवरची टोपी नीट केली.

"बा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ही तुजी लेक यशोदा. हिच्या अंगाला जो कोण हात लावंल, तेला तू बघून घे रं महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं अंगण ओरडलं. माझ्याही तोंडून निघालं, वर्दीत!

तात्या गोपाळकडं वळले. "एक आवाज कमी आला. परत घालतो."

परत घातलं. नारळ हातात धरून, मान खाली घालून गोपाळ पुटपुटला, "व्हय महाराजा."

"देवानं ऐकलं," तात्या म्हणाले. "उचला पालखी."

"देवानं ऐकलं असंल," यशोदावहिनी म्हणाल्या, "मला नाय ऐकू आलं!"