महिना मागे नेणारा बाण

परवा संध्याकाळी नांदेडला एका दैनिकाच्या ऑफिसात होते. त्यांच्या वेबसाइटवर निधनाची जाहिरात देता येते, तो फॉर्म मी बनवतेय.

काम किरकोळ वाटेल... तारखेचा रकाना. क्रोममध्ये तो एक दिसतो, फायरफॉक्समध्ये वेगळा, आयफोनवर तिसराच. म्हणून ब्राउझरचं कॅलेंडर लपवून मी स्वतःचं बनवलं. सगळीकडे तोच रंग, तीच उंची, महिना मागे न्यायला तोच छोटा बाण. वरच्या वर्षावर दाबलं की वर्षांची यादी उघडते.

मुखेडहून एक गृहस्थ एसटीने आले. त्यांची मुलगी गेली होती. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, म्हणजे जाहिरात उद्याच्याच अंकात यायला हवी. आणि पान छपाईला जायला थोडाच वेळ होता.

जाहिरात विभागातल्या देशमुखांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, यांच्या फोनवर जन्मतारीखच भरली जाईना. बघा जरा."

ते शेजारी बसले. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडलं होतं आणि ते बाण दाबत होते... एक महिना मागे, अजून एक.

"काका, वर्षावर दाबा. लगेच येईल."

"असू द्या ताई." बोट थांबलं नाही. थोड्या वेळाने समोर आलेल्या महिन्याकडे बघत म्हणाले, "हितं लातूरला टाकलं तिला. क्लासला."

मग पुन्हा बाण. नुसते महिने.

"हितं दहावी."

देशमुख तिकडून ओरडले, "पाहुणे, आटपा की. मशीन काय तुमच्यासाठी थांबणार हाय का?"

"आलो, आलो," ते मान वर न करता म्हणाले. "चौथीत हाय आता."

मी उठून देशमुखांकडे गेले. फॉर्म अडकलाय, पान थोडं थांबवा म्हणून सांगितलं. फॉर्म अडकला नव्हता... त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छपाईला फोन लावला.

मी परत आले तेव्हा जन्माचा महिना समोर होता. "तुम्हीच दाबा," ते म्हणाले. मी दाबलं.

खालचा रकाना निधनाच्या तारखेचा. तिथे मागे जावं लागलं नाही.

जाहिरात लागली. दुसऱ्या दिवशी मी बदल केला... आता आधी वर्षांचीच यादी उघडते. बदल बरोबर आहे, लोकांचा वेळ वाचतो. फक्त त्या संध्याकाळी तो केलेला नव्हता, हे बरं झालं.