दोन डाव्या बाजू

मी एकदा एका रिव्हॉल्व्हरच्या मुठीला चांदीच्या दोन डाव्या बाजू केल्या. घाईत हात घसरला वगैरे काही नाही. तीन आठवडे रोज बसून, मन लावून, अभिमानाने केल्या.

मूठ म्हणजे काय हे पुण्यात फारसं कुणाला माहीत नसतं, आणि ते बरंच आहे. तरी सांगते. रिव्हॉल्व्हर जिथे हातात धरतात तिथे लोखंडाची अरुंद चौकट असते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक लाकडी बाजू बसवलेली असते आणि एक स्क्रू दोन्हींतून आरपार जातो. हौशी माणसं ते लाकूड काढून चांदीच्या नक्षीदार बाजू बसवून घेतात. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या, पण चपलांच्या जोडीइतक्याच. डावीच्या जागी उजवी जात नाही. पायात चपला घालणाऱ्या कुणालाही हे कळावं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि चपला घालत होते.

सासरी चांदीकाम होतं. पेठेतल्या घराची पुढची खोली म्हणजे कारखाना. कारखान्यात कारागीर एक, माझे सासरे. खिडकीशी त्यांचा पाट, समोर राळेचं घमेलं. चांदीचा पत्रा त्या मऊ राळेवर चिकटवायचा, मागून ठोकून नक्षी फुगवायची, मग उलटवून पुढून तिच्या रेघा काढायच्या. माझं काम रिठ्याचं. तयार झालेली वस्तू रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासायची, की ती लख्ख होते. सहा वर्षं मी त्यांनी घडवलेले मोर घासले आणि दर मोरामागे मनात म्हटलं, हा मी याहून बरा केला असता. दुपारी ते झोपले की वाया गेलेल्या तुकड्यांवर गुपचूप हातोडी चालवून बघायची. गुपचूप म्हणजे, आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायचा.

सासरे माझ्याशी बोलत नसत. भांडण नव्हतं, पद्धत होती. मी तीन हातांवर बसलेली असले तरी ते सासूबाईंना म्हणत, "तिला म्हणावं, ब्रश जोरात फिरवू नकोस." सासूबाई माझ्याकडे मान वळवून म्हणत, "ब्रश जोरात फिरवू नकोस म्हणतायत." सासूबाई घरात नसल्या तर ते भिंतीला सांगत आणि मी भिंतीकडून ऐकून घेई.

मग त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर हिरवं फडकं आणि महिनाभर कामाला हात लावायचा नाही अशी ताकीद. माझ्या नवऱ्याला सरकारी नोकरी होती आणि हातोडीने त्याला खिळाही सरळ ठोकता येत नसे. हडपसरच्या एका कारागिराचा निरोप येऊन गेला होता, की दसऱ्यानंतर कामाची सगळी हत्यारं विकत घेऊन जातो. सासरे नाही म्हणाले नव्हते. त्यांचं गप्प बसणं म्हणजे निम्मा होकार असे.

त्यातच एक निवृत्त मेजर आले. खंडेनवमीला शस्त्राची पूजा असते, तेव्हा त्यांना आपल्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरला चांदीची मूठ हवी होती. हत्यार कायद्याने आमच्याकडे ठेवता येत नव्हतं. त्यांनी ते रिकामं करून दाखवलं, आम्ही चौकट बघितली, आणि नमुन्याला लाकडाची एक बाजू ठेवून ते घेऊन गेले. दुसरी बाजू केव्हाच तडकून गेली होती. तिथे त्यांनी सुतळी गुंडाळली होती.

सासऱ्यांनी ती लाकडाची बाजू चाचपून खाली ठेवली. मग म्हणाले, "तिला म्हणावं, दुपारी चोरून ठोकतेस ते आता उजेडात ठोक. हे काम उतरलं तर खिडकीची जागा तिची. नाहीतर हडपसर आहेच."

सासूबाईंनी निरोप दिला. मला ऐकू आलंच होतं, तरी मी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं. छान वाटत होतं.

मेजरना मुठीवर वाघ हवा होता. मी वाघ काढला. सासूबाई म्हणाल्या, "शेजारणीची मांजर कशाला काढलीस?" म्हणून मोर ठरला. खाली मोर, वर चढत गेलेला पिसारा, कडेने वेल. नमुन्याच्या बाजूवर कागद ठेवून आकार उतरवला, त्यात मोर काढला, पत्र्यावर उमटवला आणि कामाला बसले. सासरे आरामखुर्चीत डोळे झाकून हातोडीचा आवाज ऐकत. "आवाज बरोबर आहे, म्हणावं." पहिली बाजू झाल्यावर त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, पिसाऱ्यातले डोळे एकेक करून मोजले आणि मान हलवली. दुसरी झाल्यावर तीही चाचपली, मान हलवली. दोन्ही एकदम हातात घेतल्या नाहीत. त्यांच्या बाजूने एवढीच चूक धरा. बाकी सगळी माझी.

मी तर हवेत होते. त्या दोन बाजू शेजारी ठेवून मी सासूबाईंना म्हटलं, "ओळखा बघू, पहिली कुठली आणि दुसरी कुठली. देवालासुद्धा सांगता यायचं नाही." चूक माझ्याच तोंडाने सांगत होते, आणि कौतुकाची वाट बघत होते.

नवमीला पाच दिवस असताना मेजर आले. पहिली बाजू चौकटीवर अशी बसली, की ते "वा" म्हणाले. दुसरी बसेना. मी ती फिरवली. उलटी केली. उलटी केल्यावर बसली. मोर आत, पत्र्याची पाठ बाहेर. ती पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली. मला वाटत होतं, मेजरांच्या रिव्हॉल्व्हरमध्येच काहीतरी खोट आहे. तसं मी बोलूनही दाखवलं.

मेजरांनी उलट्या मोराकडे शांतपणे पाहिलं. "हरकत नाही," ते म्हणाले. "शत्रूला ही बाजू दाखवायची नाही, एवढं लक्षात ठेवतो."

"नवमीच्या आदल्या दिवशी या," खुर्चीतून सासरे म्हणाले. मेजर गेले. त्यानंतर सासऱ्यांनी भिंतीलासुद्धा काही सांगितलं नाही.

चार दिवस होते. मी आतून मोठा आरसा आणला, डावी बाजू त्याच्यासमोर उभी केली आणि आरशात बघून उजवा मोर काढायला बसले. पेन्सिल पुढे न्यावी तर आरशातली उलटी माझ्याकडेच येई. तासाभरात मोराला दोन माना झाल्या आणि पाय एकही नाही.

सासूबाई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "काय चाललंय?"

"उजवी करतेय. आरशात बघून."

त्यांनी माझा जुना नक्षीचा कागद दोन बोटांनी उचलला, पालथा केला आणि परत ठेवला. पातळ कागद, पलीकडून सगळ्या रेघा दिसत होत्या. मोर उजवीकडे बघत होता. कागदाला कणीक लागली तेवढीच.

"ब्लाउजच्या दोन बाह्या बेततेस तेव्हा आरसा घेऊन बसतेस का गं?"

मी शिवणाच्या वर्गात पहिली आले होते. ते प्रमाणपत्र फ्रेम करून माहेराहून आणलं होतं आणि त्याच खोलीत, माझ्या डोक्यावरच लावलं होतं.

"आता चार दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस," त्या म्हणाल्या. टाकलं नाही. सकाळी उजेड आला की बसे, दिवेलागणीला उठे. चौथ्या दिवशी तिसरी बाजू सासऱ्यांच्या हातात दिली. अंगठा पिसाऱ्यावरून सावकाश फिरला.

"एक डोळा कमी आहे, म्हणावं."

"मोराचं वय झालंय, म्हणावं," मी सासूबाईंना म्हटलं. लग्नानंतरचं माझं ते पहिलं उलट उत्तर, आणि तेही योग्य मार्गाने पाठवलेलं. सासूबाईंनी ते पुढे पोचवलं नाही. पदर तोंडावर धरून आत गेल्या.

मेजर आले. दोन्ही बाजू बसल्या, स्क्रू आरपार गेला. त्यांनी मूठ हातात धरली, डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. "आता कुठूनही गोळी घालता येईल," म्हणाले आणि गेले.

आता आमचा कारखाना वारज्यात आहे. मुठीचं काम वर्षातून एखादं येतं, परवान्याची प्रत बघितल्याशिवाय नात मापसुद्धा घेत नाही. नक्षी ती कॉम्प्युटरवर काढते. बटण दाबलं की डाव्याचं उजवं होतं. "आजी, तुला हे एवढं कळलं नव्हतं?" असं ती दर गिऱ्हाइकासमोर विचारते. खिडकीशी खिळ्याला ती दुसरी डावी बाजू टांगलेली असते, त्यामुळे विषय निघतोच. ती वितळवायची होती. मी तशी वितळवायला घेतलीही होती.

ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. हत्यारांवरची झेंडूची फुलं अजून उचलली नव्हती. सासऱ्यांचं डोळ्यांवरचं फडकं निघालं होतं. काम शेवटी उतरलं होतं, पण कसं उतरलं ते सगळ्या घराला माहीत होतं, आणि खिडकीकडे बघायची माझी हिंमत नव्हती. फुकट गेलेली बाजू मुशीत टाकायला काढून ठेवली आणि मुकाट्याने रिठ्याच्या पातेल्याशी जाऊन बसले. सासूबाई भाजी आणायला बाहेर गेल्या होत्या. सासऱ्यांनी ती बाजू उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. मी सवयीने भिंतीकडे कान केला. ते माझ्याकडे बघून म्हणाले:

"सूनबाई, हडपसरला नाही म्हणून कळवलंय, तेव्हा ऊठ आणि खिडकीशी बस. इतकी चोख चूक करायला हात लागतो, तो तुझ्याकडे आहे. डोकं येईल मागाहून."